मेंदूतील गाठ : पूर्ण काढावी की तुकडाच घ्यावा?

आम्ही शिक्षक आहोत, डॉक्टर नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे. तरीही आज वैद्यकातील एका वादावर लिहावयाचे आम्ही ठरविले आहे. कारण गेल्या काही महिन्यांत आमच्या नात्यातील एका घरी हा वाद जेवणाच्या टेबलापर्यंत येऊन पोहोचला, आणि भावाबहिणींत अबोला होण्याची वेळ आली. दोन्ही बाजूंनी मोठमोठ्या डॉक्टरांचे दाखले दिले जात होते. नवलाची गोष्ट अशी की दोन्ही दाखले खरे होते. तेव्हा आम्ही काही रविवार बसून या विषयावर वाचन केले, ओळखीच्या डॉक्टरांना विचारले, आणि जे समजले ते येथे मांडीत आहोत.

आमचे एक काका आहेत. वय सदुसष्ट. साखर कारखान्यात फिटर म्हणून त्यांचे आयुष्य गेले. मागच्या हिवाळ्यात ते गप्प गप्प राहू लागले. दुकानात पैसे मोजताना चुकू लागले, नातवाचे नाव आठवेना. काकींना वाटले, वय झाले. मग एके दिवशी उजवा पाय ओढू लागला, तेव्हा स्कॅन काढला. डाव्या बाजूस, पृष्ठभागाजवळ एक मोठी गाठ दिसली, आणि आत खोलवर दुसरी लहान.

पहिल्या ठिकाणी, जागेचे नाव घेण्याचे कारण नाही, मेंदूची सूज उतरावी म्हणून त्यांना लगेच डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू केले. आठ दिवसांत काका पहिल्यासारखे बोलू लागले. पुन्हा स्कॅन काढला तर गाठ जवळजवळ नाहीशी! काकींनी देवापुढे नारळ फोडला, शेजारीपाजारी गोड वाटले. त्यानंतर सुई घालून जो तुकडा घेतला, त्याचा अहवाल आला : निश्चित निदान होत नाही. औषध थांबविले, वाट पाहिली. सात आठवड्यांनी पाय पुन्हा ओढू लागला. दुसऱ्यांदा तुकडा घ्यावा लागला, तेव्हा कोठे रोगाचे नाव कळले : मेंदूचा लिम्फोमा.

लिम्फोमा म्हणजे पांढऱ्या पेशींच्या एका जातीचा कर्करोग. एरवी तो मानेत, काखेत, जांघेत गाठी आणतो. क्वचित तो मेंदूत, मेंदूच्या आवरणांत, पाठीच्या मज्जारज्जूत किंवा डोळ्यातच सुरू होतो आणि शरीरात इतरत्र कोठेही सापडत नाही. मेंदूत उत्पन्न होणाऱ्या गाठींपैकी शंभरात तीन-चार या जातीच्या असतात. पाश्चात्त्य देशांत दहा लाख लोकांमागे वर्षाला चार-पाच रुग्ण आढळतात. तोच हिशेब आपल्या द्वीपाच्या साडेबारा लाख वस्तीला लावला तर वर्षाला पाच-सहा घरे होतील. साठीच्या पुढील लोकांत तो अधिक होतो, आणि त्या वयात त्याचे प्रमाण वाढतही आहे.

आता घरातला वाद. थोरला मुलगा इंग्लंडमध्ये असतो. तो म्हणे, मोठी गाठ वरच आहे, सर्जन मंडळी ती काढू शकतात, तर काढून का टाकीत नाहीत? त्याने अमेरिकेतील एक अभ्यास वाचला होता. येथे राहणारी मुलगी म्हणे, डॉक्टरांनी सांगितले आहे की या रोगात गाठ काढावयाची नसते, तुकडा घ्यावयाचा आणि औषध सुरू करावयाचे. काकी मधल्या मधे. कर्करोग म्हटला की कापून टाकणे हीच आपल्या मनातील पहिली कल्पना असते, आणि ती वेडगळ नाही. स्तनाच्या, आतड्याच्या कर्करोगात ती खरीच आहे. मेंदूतील इतर पुष्कळ गाठींतही, जितकी गाठ सुखरूप निघेल तितकी काढावी, असेच डॉक्टर सांगतात.

लिम्फोमाचा स्वभाव मात्र निराळा. त्याच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या कडेने मेंदूत दूरवर पसरलेल्या असतात. स्कॅनमध्ये दिसते ती त्यांची दाट वस्ती. आपल्याकडे ऊस तोडला की शेत मोकळे दिसते, डोंगर पुन्हा दृष्टीस पडतो, पण खाली खोडवा फुटावयास तयारच असतो. तसेच हे. गाठ काढली तरी रोग उरतो, आणि उरलेल्या रोगाला मारण्याचे काम औषधालाच करावे लागते. मुलीच्या बाजूचा युक्तिवाद हा. तो गेली चाळीस-पन्नास वर्षे वैद्यकीय पुस्तकांत छापला जात आहे.

तो आला कोठून, हे आम्ही शोधले. पर्सिव्हल बेली या अमेरिकन डॉक्टरांनी १९२९ साली या रोगाचे वर्णन केले. पुढे कित्येक वर्षे त्याला निरनिराळी नावे मिळत गेली, कारण हा पांढऱ्या पेशींचा रोग आहे हेच नीट ठरले नव्हते. सीटी स्कॅनने पहिला रुग्ण तपासला गेला तो लंडनमध्ये, १९७१ साली. त्यापूर्वी पुष्कळदा कवटी उघडूनच पाहावे लागे. मग १९७४ साली अमेरिकेत ८३ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना केवळ आधाराचे उपचार मिळाले ते साधारण ३.३ महिने जगले, ज्यांची केवळ शस्त्रक्रिया झाली ते ४.६ महिने, आणि ज्यांना किरणोपचार मिळाले ते १५ महिन्यांच्या आसपास. या आकड्यांवरून पुढील पिढीने नियम केला : शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. त्यातच खोल गाठी काढावयास गेल्यामुळे हात-पाय लुळे पडण्याचे, वाचा जाण्याचे अनुभव आले, आणि नियम पक्का झाला.

येथे आम्हांला एक शंका आली, आणि ती मोठ्या डॉक्टरांनाही आलेली आहे असे पुढे वाचनात आले. १९७४ च्या त्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर काहीच प्रभावी औषध मिळत नव्हते. तेव्हाचे सर्जन आजच्यासारखी सूक्ष्मदर्शके आणि स्कॅनची वाटाडी यंत्रे वापरीत नव्हते. त्या काळच्या निष्कर्षावर आजच्या रुग्णाचा निर्णय किती टेकवावा? औषधाच्या जोडीला शस्त्रक्रिया असेल तर काय होते, हा प्रश्न त्या अभ्यासाने विचारलाच नव्हता.

तो प्रश्न २०१२ साली जर्मनीतून आला. तेथे २००० ते २००९ या काळात किरणोपचारांविषयी एक मोठी चाचणी झाली होती. तिच्यातील ५२६ रुग्णांची माहिती वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा चाळली. बहुतेकांची केवळ बायोप्सी झालेली होती. थोड्यांची गाठ पूर्ण किंवा बरीचशी काढलेली होती. ज्यांची गाठ काढली होती त्यांचा रोग अधिक काळ आटोक्यात राहिला, आणि ते अधिक जगलेही. वय आणि हिंडण्याफिरण्याची शक्ती यांचा हिशेब केला तरी फरक राहिला. पण गाठी किती होत्या याचा हिशेब केल्यावर रोग आटोक्यात राहण्यातील फरक टिकला, आयुष्यातील फरक मात्र खात्रीने सांगण्याजोगा उरला नाही. या निबंधाच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह होते, ते योग्यच होते.

मग २०१९ साली अमेरिकेचा अभ्यास आला. आमच्या पुतण्याने वाचला तो हाच. राष्ट्रीय कर्करोग नोंदीतील सुमारे नऊ हजार रुग्ण. कवटी उघडून गाठ काढलेल्यांचे मध्यक आयुष्य १९.५ महिने, बायोप्सीवाल्यांचे ११ महिने. (मध्यक म्हणजे सर्वांना आयुष्याच्या क्रमाने ओळीत उभे केले तर अगदी मधल्याचे.) साडेआठ महिन्यांचा फरक! वडिलांवर प्रेम करणारा कोणता मुलगा हा आकडा वाचून स्वस्थ बसेल?

आता आमच्या धंद्यातील एक गोष्ट सांगतो. सीपीई परीक्षा होती, २०१७ साली ती गेली, त्या काळी आपल्याकडे 'स्टार' शाळांची केवढी धडपड! पालक म्हणत, त्या शाळेचे निकाल पाहा, तेथे मूल घातले म्हणजे झालेच. आम्ही शिक्षक खोलीत बसून हसत असू. त्या शाळांत मुले जात तीच मुळी परीक्षेत वर आलेली. त्यांच्या पुढील यशात शाळेचा वाटा किती आणि मुलांचा किती, हे निकालाच्या तक्त्यावरून कसे कळावे? शाळा वाईट होती असे आम्ही म्हणत नाही. परंतु तक्ता एवढेच सांगत नव्हता.

शस्त्रक्रियेच्या तक्त्याचेही असेच आहे. सर्जन कोणाची गाठ काढावयास घेतो? ज्याची गाठ एकच आहे, वरच्या बाजूस आहे, बोलण्याच्या आणि हालचालीच्या जागेपासून दूर आहे, जो वयाने लहान आणि अंगाने धड आहे. असा रुग्ण सुईच्या बायोप्सीनंतरही अधिक जगलाच असता. शिवाय नोंदवहीत प्रत्येकाला पुढे कोणते औषध किती मिळाले याचा नीट पत्ता लागत नाही. अभ्यास करणाऱ्यांनी याचा हिशेब मांडण्याचा प्रयत्न केला आहे, आणि त्यांनाही लाभ ठळक दिसला तो धोका कमी असलेल्या, सहज पोचता येणाऱ्या गाठींच्या रुग्णांतच. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करावेत, एकाची गाठ काढावी, दुसऱ्याची केवळ बायोप्सी करावी, आणि मग तुलना करावी, अशा रीतीने या प्रश्नाचा निकाल अजून लागलेला नाही. आजार इतका दुर्मिळ की रुग्ण जमविणेच कठीण.

युरोपातील मेंदू-कर्करोग तज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ साली आपली मार्गदर्शक तत्त्वे नव्याने प्रसिद्ध केली. त्यांत निदानासाठी सुईची बायोप्सी हाच नेहमीचा मार्ग ठेवला आहे. एकच आणि सहज निघणारी गाठ असेल तर ती काढावी की नाही, यावर मतभेद आहेत असे ते मोकळेपणाने सांगतात. गाठ इतकी मोठी असेल की मेंदूवर दाब येऊन जीव धोक्यात आहे, तर मात्र ती काढून दाब उतरविणे भागच असते. तेथे वादाला जागा नाही.

आमचे मत विचाराल तर 'कधीच काढू नये' हा जुना नियम आता पूर्वीइतका पक्का राहिलेला नाही. पण काकांना दोन गाठी आहेत, दुसरी खोल आहे, वय सदुसष्ट आहे. पुतण्याने वाचलेला लाभ ज्यांना झाला, त्या रांगेत काका उभेच नाहीत. हे त्याला फोनवर सांगताना आम्हांला जड गेले.

आणि या सगळ्या वादात घरातील कोणाचेच लक्ष नव्हते अशी एक गोष्ट होती : वाया गेलेले ते आठवडे. स्टेरॉइड हे लिम्फोमाच्या पेशींना काही काळ विरघळविते. म्हणून गाठ स्कॅनवरून दिसेनाशी होते. इंग्रजीत तिला भुताची गाठ म्हणतात. रोग बरा झालेला नसतो. मात्र त्याच वेळी सुई घातली तर तिच्यात मेलेल्या पेशी आणि सूज एवढेच येण्याची भीती असते. प्रत्येक वेळी असे घडत नाही, स्टेरॉइडनंतरही पुष्कळांचे निदान होते. परंतु कोणाचे होणार नाही हे आधी कळत नाही. म्हणून लिम्फोमाचा संशय असेल आणि जीव तात्काळ धोक्यात नसेल, तर बायोप्सी होईपर्यंत स्टेरॉइड देऊ नये, असे सर्वत्र सांगितले जाते. 'स्कॅन पाहून लिम्फोमाची शंका येते काय, आणि तसे असेल तर हे औषध तुकडा घेईपर्यंत थांबविता येईल काय?' एवढा प्रश्न कोणी विचारला असता तर काकांचे जवळजवळ दोन महिने वाचले असते. चालू असलेले औषध मात्र घरच्या घरी बंद करू नये. ते डॉक्टरांच्याच सल्ल्याने हळूहळू उतरवावे लागते.

बायोप्सी म्हणजे काय, याची भीती काकींना फार होती. स्कॅनच्या आधाराने जागा नेमकी ठरवितात, डोके स्थिर धरतात, कवटीला लहानसे छिद्र पाडून त्यातून बारीक सुई आत नेतात आणि तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे काढतात. रक्तस्राव होण्याचा धोका थोडा असतो, अगदीच नसतो असे नाही. लाभ हा की जखम लहान, त्यामुळे औषध काही दिवसांतच सुरू करता येते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर जखम भरून येण्याची वाट पाहावी लागते, आणि मधे काही गुंतागुंत झाली तर औषध आणखी लांबते. काही रुग्णांत पाठीतून काढलेल्या पाण्यातही रोगाच्या पेशी किंवा एमवायडी८८ नावाच्या जनुकातील बदल सापडतो. त्यावरून उद्या सुईचीही गरज काही जणांना उरणार नाही, अशी आशा आहे. डोळ्यांची तपासणीही करतात, कारण तेथे रोग लपून बसतो.

एचआयव्हीची तपासणी सांगितली तेव्हा घरात सर्वांना राग आला. 'बाबांना असे विचारतात?' असे मुलगी म्हणाली. राग समजण्याजोगा असला तरी तपासणी आवश्यकच आहे. शरीराची प्रतिकारशक्ती खचली की हाच लिम्फोमा उद्भवतो, आणि तेव्हा उपचारांची आखणी बदलते. शिवाय तशा रुग्णांत टोक्सोप्लाझ्मा नावाच्या जंतूमुळेही स्कॅनवर अशाच गाठी दिसतात. तपासणी सर्वांचीच करतात. लाजण्याचे त्यात काही नाही.

आता औषध. त्याचे नाव मेथोट्रेक्सेट. संधिवाताच्या लोकांना हे औषध आठवड्याला काही मिलिग्रॅम देतात, आपल्यापैकी काहींच्या घरी त्या पिवळ्या गोळ्या असतील. येथे ते शरीराच्या दर चौरस मीटरला तीन ग्रॅम किंवा त्याहून अधिक, शिरेतून देतात. म्हणजे सामान्य बांध्याच्या माणसाला एका वेळी पाच ग्रॅमच्या पुढे! इतका मोठा डोस कशासाठी? रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पडदा आहे, आणि लिम्फोमाची एरवीची औषधे तो नीट ओलांडू शकत नाहीत. हा डोस ओलांडतो. त्यानंतर ठरलेल्या वेळी फोलिनिक आम्ल हा उतारा द्यावा लागतो, भरपूर पाणी शिरेतून द्यावे लागते, आणि रक्तातील औषधाची पातळी पुनःपुन्हा मोजावी लागते. मूत्रपिंडे धड नसतील तर हे औषध घातक ठरते. तेव्हा इस्पितळ निवडताना 'सर्जन किती नामांकित' याच्या बरोबरीने 'मेथोट्रेक्सेटची पातळी येथे मोजतात काय, आणि अहवाल किती वेळात मिळतो' हेही अवश्य विचारावे.

या औषधाच्या जन्मात एका भारतीयाचा हात आहे. यल्लाप्रगडा सुब्बाराव हे १८९५ साली आंध्रातील भीमवरम येथे जन्मले. अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत त्यांच्या पथकाने फोलिक आम्लाला विरोध करणारी जी द्रव्ये बनविली, त्यांपैकीच हे एक. त्याच कुळातील औषध वापरून सिडनी फार्बर यांनी १९४८ साली रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना प्रथमच दिलासा दिला. सुब्बाराव त्याच वर्षी वारले. आपल्या तेलुगू बांधवांना हे नाव अभिमानाने सांगण्यासारखे आहे.

औषधामुळे किती फरक पडला ते पाहा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील चाचणीत सत्तरीपर्यंतच्या रुग्णांना मेथोट्रेक्सेट आणि सायटाराबीन ही दोन औषधे दिली तेव्हा शंभरात २३ जणांची गाठ पूर्ण नाहीशी झाली. त्यांत रिटुक्सिमॅब आणि थायोटेपा यांची भर घातली तेव्हा ४९ जणांची. चार औषधे मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक, शंभरात ५६, सात वर्षांनी जिवंत होते. १९७४ चे महिने आठवा! अर्थात थकलेल्या, वृद्ध रुग्णांना इतका मारा सोसत नाही, त्यांचे आकडे कमी आहेत. संपूर्ण मेंदूवर किरणोपचार केले तर साठीच्या पुढील रुग्णांची स्मृती आणि चाल बिघडते, म्हणून तेही आता जपून करतात.

परदेशी जाण्याबद्दल थोडे. आपल्या सरकारची परदेशातील उपचारांसाठी मदतीची योजना आहे, आणि पुष्कळ कुटुंबे भारतात जातात. मुंबईला परळ येथे १९४१ पासून टाटा मेमोरियल आहे, तेथे आपली भाषा बोलणारेही भेटतात. जावयाचे असेल त्याने अवश्य जावे. मात्र कागदपत्रे, पासपोर्ट, विमान यांत दिवस जातात, आणि या रोगात गाठ आठवड्यांत वाढते. बायोप्सी येथे झाली असेल तर तिचे मेणातील ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मागून घ्याव्यात. त्या दुसरीकडे पुन्हा तपासता येतात आणि नवी सुई टळू शकते. काकांच्या वेळी हे आम्हांला उशिरा कळले.

पुतण्या शेवटी स्वतः आला. त्याने डॉक्टरांसमोर बसून गाठीचे स्कॅन पाहिले, खोलवरची ती दुसरी गाठ बोटाने दाखवून प्रश्न विचारले, आणि बहिणीला म्हणाला, ठीक आहे, औषधच देऊ. काकांचे चार डोस झाले आहेत. मधल्या स्कॅनमध्ये दोन्ही गाठी लहान झालेल्या दिसल्या, वरचीही, जी कोणी कापली नाही. पाय अजून ओढतो. नातवाचे नाव आठवते, पैशांची मोजदाद मात्र काकीच करतात. पाचवा डोस पुढच्या मंगळवारी आहे. त्याआधी सोमवारी मूत्रपिंडाची तपासणी.